आईचा दोष नव्हता

इंग्लंडातील एका आगगाडीतली गोष्ट सांगतो. १९५० ते ६० या दशकातली. डब्यात समोरासमोर दोन आया बसल्या होत्या, दोघींजवळ मुले होती. खिडकीबाहेर गाई दिसल्या. एका मुलाने त्यांच्याकडे बोट केले आणि वळून आईच्या तोंडाकडे पाहिले. जणू ते म्हणत होते, ‘बघ ना, आई!’ दुसऱ्या बाईंच्या मनात चर्र झाले. आपल्या मुलीने असे बोट कधी केलेच नाही!

या बाई म्हणजे डॉ. लॉर्ना विंग. स्वतः मनोविकारतज्ज्ञ. त्यांच्या मुलीला होती स्वमग्नता, म्हणजे इंग्रजीत ज्याला ऑटिझम म्हणतात ती.

या अवस्थेचे वर्णन १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवरून केले होते. पण पुढे भलताच समज पसरला. आईने माया केली नाही, ती थंड स्वभावाची, म्हणून मूल मिटून गेले, असे मोठमोठे पंडित म्हणू लागले. विचार करा, आधीच दुःखात असलेल्या आईच्या माथी हा दोष! आपल्याकडे तरी काय वेगळे होते? कोणी आईला बोल लावतो, कोणी ग्रहदशेला, कोणी मागल्या जन्माला.

लॉर्नाबाई रडत बसल्या नाहीत. १९६२ साली त्यांनी इतर पालकांसह संस्था स्थापली आणि १९६५ साली त्या संस्थेची शाळा सुरू झाली. मग प्रश्न पडला, अशी मुले आहेत तरी किती? ज्युडिथ गूल्ड या सहकारिणीबरोबर त्यांनी लंडनचा कॅम्बरवेल विभाग निवडला. दवाखान्यात येतील तेवढीच मुले मोजली नाहीत. शाळा, आरोग्यखाते, समाजसेवा यांना ठाऊक असलेली पंधरा वर्षांखालील अपंग व मतिमंद मुले एकेक करून पाहिली. १९७९ साली निष्कर्ष छापला. कॅनरच्या वर्णनात चपखल बसणारी मुले दहा हजारांत सुमारे पाच. पण तशाच अडचणी असलेली सुमारे एकवीस!

या अडचणी तीन प्रकारच्या : माणसांत मिसळणे, बोलून वा खुणेने मनातले सांगणे, आणि कल्पनेने खेळणे. मात्र सगळी मुले एकसारखी नव्हती. काही अलिप्त राहत. काही कुणी खेळात ओढले तर येत, आपण होऊन येत नसत. काही आपण होऊन जवळ येत, पण त्यांची रीत विचित्र वाटे. शिक्षकहो, सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबडा कुठे संपतो आणि नारिंगी कुठे सुरू होतो, हे रेघ मारून दाखवता येते का? तसेच हे आहे, असे लॉर्नाबाईंनी दाखवून दिले. आज जगभर हाच विचार मान्य आहे.

आईबापांसाठी त्यांनी १९७१ साली मार्गदर्शक पुस्तक लिहिले. २०१४ साली त्या वारल्या. आईच्या वागण्याने स्वमग्नता येत नाही, हे आता शास्त्राने निश्चित केले आहे. मेंदूच्या वाढीतच हा वेगळेपणा असतो आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

मग आपण काय करायचे? तुमच्या वर्गात एखादे मूल हाक मारली तरी बघत नसेल, ऐकलेलेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत असेल, रोजचा रस्ता बदलला की आकांत करीत असेल, तर त्याला वेडा म्हणू नका, छडी उगारू नका. दिवसाचा क्रम ठरलेला ठेवा. बदल होणार असेल तर आधी सांगा. वाक्य लहान बोला, चित्र दाखवा, उत्तराला वेळ द्या. आणि डॉक्टरांना दाखवायला घरच्यांना सांगा. आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. तपासणीनंतर तसे प्रमाणपत्रही मिळू शकते.

आणि शेजारणींनो, त्या मुलाच्या आईला सल्ला देण्यापूर्वी एवढेच करा. तासभर मूल सांभाळा आणि तिला जरा टेकू द्या.