कॅप्टन, तुमचं कोर्ट कोणतं?

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ समुद्रपूर तालुक्यातल्या जामला येतो, तिथे चंद्रपूरचा रस्ता फुटतो. हैदराबादच्या रस्त्याने पुढे गेलं की हिंगणघाट. एकोणिसाव्या शतकापासून कापडगिरण्यांचं गाव.

तिथल्या एखाद्या गिरणीकामगाराने यंत्राच्या धोक्याची तक्रार केली आणि मालकाने आकसाने त्याला घरी बसवलं, तर त्याने जायचं कुठे, हे महाराष्ट्राने १९७१ सालीच लिहून ठेवलंय. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध असं लांबलचक नाव असलेला तो कायदा. वकील मंडळी नुसतं ‘यूएलपी टाकली’ म्हणतात. चौथ्या अनुसूचीतली पहिलीच बाब आकसाने कामावरून काढण्याची. ९० दिवसांत कामगार न्यायालयात तक्रार करायची. न्यायाधीश अंतरिम आदेश देऊ शकतो, पुन्हा कामावर घ्यायला लावू शकतो.

मुंबईहून विमान उडवणाऱ्या कॅप्टनला मात्र हे दार बंद. हा कायदा राज्य सरकारच्या अखत्यारीतल्या उद्योगांपुरता, आणि हवाई वाहतूक १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने केंद्राकडे दिलेली. त्या कायद्याच्या कलम ११अ नुसार न्यायाधीश बडतर्फी रद्द करू शकत असे. पण आधी कॅप्टन हा ‘कामगार’ आहे का, यावरच वर्षं जायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. उड्डाणसुरक्षेची तक्रार करणाऱ्यासाठी वेगळं कलम तिच्यातही नाही.

अमेरिकेत ते २००० सालापासून आहे. मुदत तिथेही ९० दिवसांचीच. डेल्टाच्या वैमानिक कार्लिन पेटिट यांनी २०१६ साली सुरक्षेतल्या त्रुटींचा अहवाल वरिष्ठांच्या हाती दिला. कंपनीने त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे धाडलं. त्याने बायपोलर आजाराचं निदान केलं, मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी ते खोडून काढलं. डिसेंबर २०२० मध्ये श्रम खात्याच्या न्यायाधीशाने कंपनीने सूड उगवल्याचं मान्य केलं, आणि निकालाची प्रत कंपनीच्या वैमानिकांपर्यंत पोचवायलाही सांगितलं. ही शेवटची अट मला भरपाईपेक्षा मोलाची वाटते. अर्थात या खातेनिहाय न्यायाधीशांचं आसनही आता डळमळतंय. जून २०२४च्या जार्केसी निकालात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने रोखे आयोगाला बजावलं, की फसवणुकीचा दंड घरच्या न्यायाधीशाकडून ठोठावता येणार नाही, ज्यूरी हवी.

आपल्याकडे डळमळायला आसनच नाही. जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एअर इंडियाला १ कोटी १० लाखांचा दंड केला. डोंगराळ भागांवरून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या उड्डाणांत नियमभंग झाल्याचा ठपका होता. चौकशीला सुरुवात झाली ती एका कर्मचाऱ्याने स्वतःहून दिलेल्या अहवालामुळे. दंड सरकारजमा होतो. अहवाल देणाऱ्याच्या नोकरीची हमी त्यात कुठून येणार?

जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा म्हणाल, तर त्यावर राष्ट्रपतींची सही मे २०१४ मध्ये झाली. अंमलाची अधिसूचना निघालीच नाही. निघाली तरी तो सरकारी नोकरांच्या भ्रष्टाचारापुरता, खासगी विमान कंपनीला लागूच नाही. विदर्भातल्या खासदारांनी एवढंच करावं: हिंगणघाटच्या कामगारासाठी राज्याने लिहिलेलं आकसाचं कलम वैमानिकासाठी केंद्राच्या विमान कायद्यात घालायला लावावं, ९० दिवसांच्या मुदतीसकट आणि ऐकायला बसणाऱ्या न्यायाधीशासकट.