फळ्यावरचे ३६५

मॉस्कोच्या त्रेत्याकोव गॅलरीत १८९५ सालचं एक चित्र आहे. खेड्यातली शाळा, मोठा काळा फळा आणि त्याच्या अवतीभवती विचारात पडलेली शेतकऱ्यांची अकरा पोरं. एक जण गुरुजींच्या कानाशी लागून उत्तर सांगतोय, बाकीच्यांना ते अजून सापडायचंय. हे गुरुजी म्हणजे सर्गेई राचिन्स्की. मॉस्को विद्यापीठातली वनस्पतिशास्त्राची प्राध्यापकी सोडून ते तातेवो या खेड्यात मुलांना शिकवायला आले. चित्रकार निकोलाय बोग्दानोव-बेल्स्की त्यांचाच विद्यार्थी.

फळ्यावरचं गणित तोंडी सोडवायचंय: १०² + ११² + १२² + १३² + १४² ही बेरीज करा आणि तिला ३६५ने भागा.

वर्ग पाठ असतील तर पहिले तीन पटकन येतात: १००, १२१, १४४. बेरीज ३६५. उरले १६९ आणि १९६. त्यांची बेरीज? पुन्हा ३६५! उत्तर २. लागोपाठच्या पाच संख्या, आणि अलीकडच्या तिघी पलीकडच्या दोघींच्या बरोबरीच्या. हे असं जुळून कसं येतं?

मधल्या १२वर बोट ठेवा. तिच्या दोन्ही बाजूंच्या शेजारणी ११ आणि १३. १३²मधून ११² वजा केले की ४८ उरतात, म्हणजे १२ची चौपट. त्यापलीकडची जोडी १० आणि १४. १४²मधून १०² वजा केले की ९६, म्हणजे १२ची आठपट. चौपट अधिक आठपट म्हणजे बारापट, आणि १२ची बारापट हाच तर १२चा वर्ग! उजवीकडचे वर्ग डावीकडच्यांपेक्षा जेवढे भारी आहेत, नेमकी तेवढी भर मधल्या १२नं डावीकडे घातली.

म्हणजे १२ ही कुणी हुशारीनं शोधलेली संख्या नव्हे. ४ आणि ८ यांची बेरीजच ती ठरवते. (मध्ये शून्य ठेवलं तरी जमतं, पण त्यात काही गंमत नाही.) एकच जोडी घेतली तर मधली संख्या ४, आणि हाती येतं ३² + ४² = ५². शाळेपासून ओळखीचा ३-४-५चा काटकोन त्रिकोण याच रांगेत पहिला उभा आहे! तीन जोड्या घेतल्या तर ४ + ८ + १२ = २४: २१² + २२² + २३² + २४² = २५² + २६² + २७². दोन्हीकडे २०३०. पुढची मधली संख्या ४०, मग ६०, आणि ही रांग कधीच संपत नाही.

३६५मध्ये आणखीही एक नवल दडलंय. १३² + १४² ही झाली एक मांडणी, पण २² + १९² यांची बेरीजही ३६५च भरते. ही दुसरी जोडी कुठून आली? ३६५ म्हणजे ५ गुणिले ७३. त्यात ५ = १² + २² आणि ७३ = ३² + ८². आता या चार आकड्यांचे गुणाकार करा. १×८ आणि २×३, म्हणजे ८ आणि ६. बेरीज १४, वजाबाकी २. मग २×८ आणि १×३, म्हणजे १६ आणि ३. वजाबाकी १३, बेरीज १९. एकदा बेरीज घेतलीत तर दुसऱ्यांदा वजाबाकी घ्या: १४ आणि १३, किंवा २ आणि १९. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त दिलेला नियम याहून व्यापक आहे. वर्गांच्या बेरजांच्या गुणाकाराची ही युक्ती त्याचंच एक रूप.

५ आणि ७३ या दोन्ही मूळ संख्या. मग प्रत्येक मूळ संख्येचे असे दोन वर्ग पाडता येतात का? नाही. कुठल्याही वर्गाला ४ने भागा, बाकी ० किंवा १च उरते. दोन वर्गांच्या बेरजेत बाकी ३ येणं शक्यच नाही. ७, ११, १९, २३ यांचा प्रश्न इथंच मिटला. पण ज्या मूळ संख्येला ४ने भागून बाकी १ उरते, ती मात्र हमखास दोन वर्गांत मांडता येते, आणि तीही एकाच तऱ्हेनं. नकाराचं कारण दोन ओळींत कळतं, होकार सिद्ध करायला मात्र फार काळ लागला. २५ डिसेंबर १६४० रोजी फ्रेंच गणिती फर्मानं आपला पत्रमित्र मर्सेन याला लिहिलेल्या पत्रात हे सांगितलं, पण पूर्ण सिद्धता दिली नाही. ती द्यायला ऑयलर यावा लागला, शंभरएक वर्षांनी. गणितातलं इतकं देखणं विधान मला दुसरं माहीत नाही.

आता कागद-पेन्सिल घ्या. ११०५ म्हणजे ५ × १३ × १७, आणि ही तिन्ही माणसं बाकी १च्या घरातली. त्यामुळे ११०५ दोन वर्गांच्या बेरजेत चार तऱ्हांनी मांडता येते. त्यातल्या एका तऱ्हेत दोन्ही संख्या लागोपाठच्या आहेत. कॅल्क्युलेटरला हात न लावता चारही शोधून काढा.