मंथरेचा डोळा आणि आपली नजर



या पानावर एरवी आम्ही लागण, खोडवा, बेणे आणि खताचे हप्ते यांविषयी लिहितो. या अंकात विषय जरा वेगळा आहे. पण गाडी शेवटी ऊस नोंदीपाशीच येऊन थांबणार आहे, तेव्हा वाचावे ही विनंती.

१९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले, तेव्हा आम्ही शाळकरी पोर होतो. गावात दोनच टीव्ही. रविवारी सकाळी त्यातल्या एकापुढे सारी आळी बसायची. मंथरा पडद्यावर आली की बायाबापड्या बोटे मोडायच्या. "बघा कशी चकणी, कपटीच असणार," असे कुणीतरी म्हणायचे आणि आम्ही पोरे टाळ्या पिटायचो.

आमचे एक चुलते मात्र गप्प बसायचे. ते लालबागच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली आणि ते गावी आले. एकदा ते आम्हांवर डाफरले, "गप ऱ्हावा रं. त्या बाईचा डोळा काम करताना गेलाय. गिरणीत बोटं जात्यात तसा."

ती बाई म्हणजे ललिता पवार. चुलत्यांचे ते बोल आम्हाला फार उशिरा कळले.

ललिताबाईंचे मूळ नाव अंबा. जन्म १८ एप्रिल १९१६ चा, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. १९२८ च्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटात त्या बालकलाकार म्हणून झळकल्या. पुढे नायिका झाल्या. त्या काळी नटीला स्वतःचा आवाज लागे. त्या गातही असत. १९३२ च्या 'कैलास' या मूकपटाच्या निर्मितीत त्यांनी वाटा उचलला आणि १९३७ साली 'दुनिया क्या है' हा बोलपट काढला. म्हणजे ज्या वयात आपल्याकडच्या मुलींना उंबऱ्याबाहेर पडू देत नसत, त्या वयात ही बाई स्वतःच्या हिमतीवर धंदा करीत होती.

१९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचे चित्रण चालू होते. दृश्य थपडेचे होते. समोर भगवान, म्हणजे पुढचे भगवानदादा. थप्पड खरीच बसली आणि फार जोरात बसली. डाव्या डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्याच्या डाव्या बाजूला लकवा मारला. उपचार दीर्घकाळ चालले. चेहरा पुष्कळसा सावरला, पण डावा डोळा कायमचा बारीक राहिला. वय अवघे सव्वीस. नायिकेचे दिवस संपले.

आता नीट विचार करा. ज्या धंद्यात चेहरा हेच भांडवल, तिथे चेहराच गेला. आपल्या भाषेत सांगायचे तर उभ्या उसाला आग लागली. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता आणि त्याला कुणी नावही ठेवले नसते.

ललिताबाई घरी बसल्या नाहीत. १९४४ च्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई झाल्या. परळला व्ही. शांताराम यांनी १९४२ सालीच राजकमल कलामंदिर उभे केले होते. या संस्थेच्या १९५० च्या 'दहेज'मध्ये त्यांनी हुंड्यासाठी हपापलेली सासू अशी रंगवली की कजाग सासू म्हटले की ललिता पवार, हे समीकरणच होऊन बसले. लालबाग-परळच्या चाळींतून ते स्टुडिओचे फाटक पायी जाण्याच्या अंतरावर. आमचे चुलते सांगत, "शिफ्ट सुटली की आम्ही तिथनंच जायाचो."

पण बाईंची खरी ताकद निराळ्या भूमिकांत दिसली. 'श्री ४२०' (१९५५) मधली केळी विकणारी गंगामाई घ्या. 'अनाडी' (१९५९) मधली मिसेस डिसा घ्या. तोंडाने फटकळ, पण भाडेकरू पोराला उपाशी न ठेवणारी ही घरमालकीण. त्या भूमिकेला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. चुलत्यांनी 'अनाडी' गणपतीत, गल्लीत बांधलेल्या पडद्यावर पाहिला होता. म्हणायचे, "डिसाबाई मेली तेव्हा अख्खी गल्ली रडली." डोळा तोच होता, बारीक. त्या रात्री तो कुणाला कपटी वाटला नाही. १९६१ साली संगीत नाटक अकादमीचे पारितोषिकही त्यांना मिळाले. सत्तरीत मंथरा केली. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्या वारल्या. मूकपटापासून दूरदर्शनपर्यंत साठ वर्षांची चाकरी झाली, त्यातली चाळीसच्या वर वर्षे त्या डोळ्यासह.

तेव्हा दोष डोळ्यात नव्हता, आपल्या नजरेत होता. मंथरा तरी कोण? पाठीला कुबड असलेली दासी. शरीर वाकडे म्हणजे मन वाकडे, हा हिशेब आपण पिढ्यान्पिढ्या मांडत आलो. गावात आजही माणसाला त्याच्या व्यंगावरून हाक मारतात आणि त्याला चेष्टा म्हणतात.

आम्हीही त्यातलेच. दोन हंगामांपूर्वी नोंदीसाठी एका सभासदाच्या वस्तीवर गेलो. गावाचे नाव लिहीत नाही. सोप्यात एक ताई बसल्या होत्या. लहानपणी पोलिओ झालेला, एक पाय निकामी, शेजारी कुबडी. आम्ही त्यांच्या डोक्यावरून आत पाहत विचारले, "घरात कोण आहे का?"

ताई म्हणाल्या, "मी हाय की साहेब. दादा रानात गेल्यात. लागणीची तारीख माझ्याकडं हाय."

त्यांनी वही काढली. गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, खताची पोती, पाण्याच्या पाळ्या, मागच्या तीन हंगामांचे टनेज, सारे टिपलेले. आमच्या नोंदवहीत त्या प्लॉटची तारीख चुकलेली निघाली. त्यांच्या वहीमुळे तोडणीचा क्रम दुरुस्त झाला आणि ऊस वेळेवर गेला.

पुढे त्यांचे वडील वारले. वारसनोंदीचा अर्ज आमच्या गट कार्यालयात आला, त्यात दोन्ही भावांची नावे. ताईंचे नाव नाही. विचारले तर थोरला म्हणाला, "तिला काय करायचंय? आम्ही सांभाळतोय न्हवं." तो वाईट माणूस नाही. बहिणीला जेवल्याशिवाय तो जेवत नाही. पण सांभाळणे वेगळे आणि हक्क वेगळा. आम्ही अर्ज समजावून परत दिला. अजून तो परत आलेला नाही.

सभासदांनो, यासाठीच हा प्रपंच. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. त्यात पाय धड आहे की नाही हे कायदा विचारीत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारचे अपंगत्व मानले आहे. ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचा दाखला असल्यास सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आणि शेतजमीन व घरवाटपाच्या योजनांत ५ टक्के राखीव जागा आहेत. या वाटपात अपंग स्त्रियांना प्राधान्य आहे. चारचौघांत अपंग व्यक्तीचा मुद्दाम अपमान करणे हा याच कायद्याने गुन्हा आहे. दाखला आणि ओळखपत्र काढायचे राहिले असेल तर आधी तेवढे करा. आणि शेअरचे वारस लावताना घरातली अशी लेक वा बहीण विसरू नका.

हा लेख ताईंना विचारूनच लिहिला. त्या म्हणाल्या, "लिवा की. पण नुसता पाय लिवू नका, वही बी लिवा."

म्हणून वहीही लिहिली. पुढच्या नोंदीला आम्ही वस्तीवर येऊ, तेव्हा सोप्यात जो कोणी बसला असेल त्यालाच आधी विचारू. आमच्या चिटबॉयनाही तशी सूचना दिली आहे. त्या अर्जाची आम्ही वाट पाहत आहोत.