अभ्यासाचे कारण कोणाचे?



कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. 'या मुलांना शिकायची इच्छाच उरलेली नाही.' घरी आईवडीलही तेच म्हणतात, फक्त शब्द वेगळे असतात. आज आपण या वाक्याची जरा तपासणी करू. त्यात एक गृहीतक दडले आहे. इच्छा म्हणजे जणू हंड्यातले पाणी, कोणाकडे जास्त, कोणाकडे कमी. ज्याचा हंडा रिकामा त्यात आपण ओतायचे, कधी बक्षिसाने, कधी धाकाने. गेल्या पन्नासेक वर्षांत शिक्षणाच्या मानसशास्त्रात जे काम झाले, त्याने हे गृहीतक बरेच डळमळीत केले आहे. प्रेरणा किती आहे एवढे विचारून भागत नाही, ती कसली आहे हेही विचारावे लागते.

आधी मुले अभ्यास करतात म्हणजे काय करतात ते पाहू. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठातले फेरेन्स मार्टन आणि रॉजर सेल्यो यांनी १९७६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचा प्रयोग अगदी साधा होता. विद्यार्थ्यांना एक लेख वाचायला दिला, त्यावर प्रश्न विचारले, आणि वाचताना तुम्ही नेमके काय करत होता हेही विचारले. उत्तरांत दोन तऱ्हा दिसल्या. काहीजण पुढे प्रश्न येणार म्हणून जमेल तेवढे लक्षात ठेवत होते. काहीजण लेखकाला म्हणायचे काय आहे ते शोधत होते. पहिल्या तऱ्हेला वरवरचे अध्ययन आणि दुसरीला सखोल अध्ययन असे नाव पडले.

आता गंमत बघा. लेख होता विद्यापीठातल्या परीक्षांच्या निकालांविषयी. लेखकाचे म्हणणे असे, की निकाल सुधारण्यासाठी सरसकट सगळ्यांना एकच उपाय लावू नका, ज्या गटांना गरज आहे त्यांच्यापुरताच लावा. लक्षात ठेवण्यामागे लागलेल्यांना गटागटांत फरक आहे हे आठवले, काहीतरी उपाय करायला हवेत हेही आठवले. पण 'गरज असेल तिथेच' हा लेखाचा प्राण त्यांच्या हातून निसटला. म्हणजे डोळ्यांखालून सगळे गेले होते, पण नजर शब्दांवर होती, शब्दांमागच्या विचारावर नव्हती.

पुढे जॉन बिग्ज यांनी असे मांडले, की अभ्यासाच्या प्रत्येक तऱ्हेत दोन भाग असतात, एक हेतू आणि एक युक्ती. नापास व्हायचे नाही एवढाच हेतू असेल, तर घोकंपट्टी ही त्याला साजेशीच युक्ती आहे. ब्रिटनमध्ये नोएल एन्टविसल यांनी तिसरी तऱ्हाही दाखवली, ती डावपेची अभ्यासाची. हा विद्यार्थी आपल्याला चांगला ओळखीचा आहे. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, कोणते सर पेपर काढणार याचा अंदाज, कोणत्या युनिटला किती मार्क याचा हिशेब! त्याला सखोल वाचायला लावले तर तो वाचेलही, पण त्याला मार्क असतील तरच.

इथे तत्त्वज्ञानाचा एक जुना धागा आठवतो. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये, दुसऱ्या पुस्तकाच्या आरंभी, ग्लॉकन चांगल्या गोष्टींचे तीन प्रकार करतो. काही गोष्टी त्यांच्या स्वतःसाठीच हव्याशा वाटतात. काही स्वतःसाठीही आणि परिणामांसाठीही हव्याशा असतात. आणि काही त्रासदायकच असतात, पण परिणामांसाठी आपण त्या सोसतो, उदाहरणार्थ औषधोपचार. ज्ञान त्याने मधल्या प्रकारात घातले आहे. आपल्या बऱ्याच विद्यार्थ्यांसाठी अभ्यास तिसऱ्या प्रकारात जाऊन बसला आहे. कडू काढा, नाक दाबून प्यायचा, आणि परीक्षा झाली की विसरायचा.

मग काय, ज्ञानासाठी शिकणारा श्रेष्ठ आणि नोकरीसाठी शिकणारा कनिष्ठ? असा निष्कर्ष फार लोक घाईने काढतात, आणि तो अन्यायाचा आहे. घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात आलेले असते, शिक्षणासाठी कर्ज काढलेले असते. त्या मुलीने 'मला नोकरी हवी' म्हटले तर नाक मुरडायचा अधिकार पोटभर जेवलेल्या आपल्याला कोणी दिला?

अमेरिकेतले एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांचा सिद्धान्त इथे कामी येतो. १९८५च्या ग्रंथात त्यांनी तो सविस्तर मांडला. त्यांनी बाहेरच्या प्रेरणेच्या पायऱ्या केल्या. सगळ्यात खाली बक्षीस आणि शिक्षा. त्याच्या वर आत शिरलेला धाक. समोर कोणी रागावत नाही, पण 'नापास झालो तर तोंड कसे दाखवू' हा आवाज डोक्यात चालूच असतो. त्याच्या वर मात्र वेगळीच गोष्ट येते. काम आवडीचे नसते, पण त्याचे महत्त्व पटलेले असते.

नर्सिंगच्या दोन विद्यार्थिनींचे उदाहरण घ्या. दोघी औषधांच्या मात्रा पाठ करत आहेत. एकीला सिस्टरबाईंची भीती आहे. दुसरीला कळले आहे, की उद्या एक जीव आपल्या हातात असणार. मजा दोघींनाही येत नाही. पण दुसरीचे कारण तिचे स्वतःचे झाले आहे. ती ही मात्रा इतकीच का, जास्त झाली तर काय होईल, असे विचारणार. पहिली तोंडी परीक्षा होईपर्यंत लक्षात ठेवणार. तेव्हा खरा प्रश्न 'कशासाठी शिकतोस' एवढाच नाही. जे कारण तू सांगतोस ते कोणाचे आहे, हाही आहे.

आता प्रत्येक माणसात ही कारणे मिसळलेली असतात. बेल्जियममधील मार्टेन व्हान्स्टीनकिस्ते आणि सहकाऱ्यांनी २००९ साली शाळा-कॉलेजांतल्या मुलांचा याच अंगाने अभ्यास केला. त्यांना चार गट दिसले. पहिल्यात स्वतःची कारणे भरपूर, दडपण कमी. दुसऱ्यात दोन्ही भरपूर. तिसऱ्यात दडपण भरपूर, स्वतःचे कारण थोडे. चौथ्यात दोन्ही थोडे. हंड्याच्या हिशेबाने दुसरा गट सगळ्यांत पुढे असायला हवा, कारण त्याच्याकडे एकूण प्रेरणा सर्वांत जास्त! पण अभ्यासाच्या दृष्टीने पहिला गट सरस ठरला. आवडीवर दडपणाची भर घातल्याने फायदा झालेला दिसला नाही.

आपल्या घरांसाठी ही गोष्ट मोलाची आहे. मुलगी मनापासून वाचत असते, आणि आपण वर आणखी चार गोष्टी ठेवतो. शेजारच्याचे मार्क, फीचा आकडा, 'तुझ्यासाठी आम्ही काय काय केले'. आपल्याला वाटते जोर वाढला. डेसी यांनी १९७१ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली होती. एका गटाला मध्येच, कोडे सुटले की पैसे द्यायला सुरुवात केली, आणि नंतर पैसे थांबवले. मग मोकळ्या वेळात त्या गटातले विद्यार्थी कोड्यांकडे पूर्वीपेक्षा कमी वळले. तोंडी कौतुकाचा परिणाम मात्र असा झाला नाही. बाहेरचे कारण आत आले, की आतले कारण कधीकधी जागा सोडते.

कोणी म्हणेल, प्रश्नपत्रिका बदला म्हणजे झाले. मार्टन आणि सेल्यो यांनी तेही करून पाहिले. तपशिलाचे प्रश्न विचारत गेले, तशी मुले तपशिलामागे लागली. हे अपेक्षितच होते. पण दुसऱ्या गटाला विचार करायला लावणारे प्रश्न आणि सारांश लिहायला दिला, तेव्हा काहींनी त्यातूनही पळवाट काढली. सारांश सांगता येईल इतपतच वाचायचे, खोलात शिरायचे नाही! डावपेची मन चांगल्या प्रश्नाचेही गाईड करून टाकते. परीक्षा सुधारायलाच हवी, पण कारण बदलले नाही तर तेवढ्याने भागणार नाही.

एक गैरसमज मात्र दूर करू. पाठांतर म्हणजे वरवरचे अध्ययन नव्हे. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' न्यायशास्त्राचे विद्यार्थी पारंपरिक पद्धतीने आधी मुखोद्गत करतात. पण तिथे थांबत नाहीत. पुढे लक्षणातला एकेक शब्द घेऊन विचारतात, की हा शब्द काढला तर काय बिघडेल? याला पदकृत्य म्हणतात. पाठ असल्यामुळेच ही चर्चा पुस्तक मिटून करता येते. म्हणजे पाठांतराचा दर्जाही ते कशासाठी केले यावर ठरतो.

आणि शेवटची गोष्ट. हे चार गट म्हणजे कोणाची जन्मपत्रिका नव्हे. एकच मुलगा इतिहासाच्या तासाला पहिल्या गटात आणि इंग्रजीच्या तासाला तिसऱ्या गटात असू शकतो. डेसी आणि रायन यांच्या मते स्वतःचे कारण रुजायला तीन गोष्टी लागतात. थोडी निवडीची मोकळीक, आपल्याला हे जमते असा अनुभव, आणि आपले कोणीतरी आहे ही भावना. या तिन्ही गोष्टी शिक्षकाच्या हाती काही प्रमाणात असतात. निबंधाला एकाऐवजी तीन विषय देता येतात. उत्तर चुकले तर नुसती फुली न मारता कुठे घसरले ते दाखवता येते. साठ मुलांच्या वर्गातही नावाने हाक मारता येते. आणि हा धडा अभ्यासक्रमात का आहे हे पहिल्याच तासाला सांगता येते. आपल्यालाच ते सांगता येत नसेल, तर मुलांना ते कारण आपलेसे वाटावे ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

तेव्हा 'इच्छाच नाही' असे म्हणण्याआधी आपण एवढे विचारावे, की या मुलाजवळ आज जे कारण आहे ते त्याला कोणी दिले, आणि त्याला स्वतःचे कारण शोधायला आपण जागा ठेवली आहे का? आपल्यात शिक्षक आहेत, पालक आहेत, आणि मागच्या रांगांत विद्यार्थीही दिसताहेत. आता तुमचे प्रश्न घेऊ, आणि सुरुवात मागच्या रांगांपासून करू.