सर्वो मोटारीचा फेरा वाढवावा कसा?

आपल्या जिल्ह्यात पाटकरी कोणाला ठाऊक नाही? बागलाणात मोसमच्या काठी फड पद्धतीचे जुने पाट आहेत, तिथल्या पाण्याची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या पाटकऱ्याच्या हातून होत आली. काम दिसायला सोपे. दार वर घ्यावे, पाणी सोडावे, दार खाली टाकावे. पण पाटकऱ्याला नुसता हात असून भागत नाही. हात चाक फिरवतो तेव्हा त्याचा डोळा दारावर असतो. दार सांगितल्याइतके वर आले की हात थांबतो. डोळा मिटून चाक फिरवणारा पाटकरी एक तर पीक वाळवील, नाही तर बांध फोडील.

आज ज्या छोट्या यंत्राविषयी बोलायचे आहे, ते असाच एक पाटकरी आहे. त्याचे नाव सर्वो मोटार. बिनतारी हुकमावर उडणारी छोटी विमाने, धावणाऱ्या मोटारी, तळ्यात चालणाऱ्या नावा यांचे सुकाणू हीच मोटार वळवते. अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना २०१६ साली सुरू झाली, आणि तेव्हापासून ही मोटार शाळांतल्या मुलांच्याही हाती आली आहे. काडेपेटीहून लहान, नऊ ग्रॅम वजनाची ती निळी डबी शिक्षक मंडळींनी पाहिली असेलच.

गेल्या वर्षी एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो होतो. आठवीच्या मुलांनी गोदावरीवरच्या गंगापूर धरणावरून धडा घेऊन कालव्याच्या दाराची प्रतिकृती केली होती. सर्वोच्या दांड्यावर दोन सेंटिमीटर त्रिज्येची कप्पी, कप्पीवर दोरी, दोरीला दोनशे ग्रॅमचे पत्र्याचे दार. दार सहा सेंटिमीटर उचलायला हवे होते, पण ते तीनच सेंटिमीटर उचलून थांबे. सर म्हणाले, "मोटार आणखी फिरली पाहिजे." मुलांपैकी एकाने डबी उघडली, आतल्या दातेरी चाकावरची अडण ब्लेडने कापली, आणि मोटारीला जिथले तिथे धरून ठेवणारा आतला रोधही चाकापासून सोडवला. मग मोटार फिरली. इतकी फिरली की थांबेचना. दार चौकटीच्या डोक्यावर आदळले, दोरी तुटली, आणि ते पोर माझ्यासमोर रडू लागले. त्याचा दोष काय? त्याने पाटकऱ्याचा हात मोकळा करताना डोळाच काढून टाकला होता.

हा डोळा म्हणजे काय ते आधी पाहू. आपल्या रेडिओचा आवाज लहानमोठा करणारी कळ असते ना, तिच्या आत एक बदलता रोध असतो. तसाच रोध सर्वोच्या दांड्याला जोडलेला असतो. दांडा फिरला की रोधावरचे विजेचे माप बदलते, आणि त्या मापावरून आतल्या मंडलाला दांडा कुठे आहे ते कळते. हुकूम येतो तो विजेच्या ठोक्यांनी. सेकंदाला साधारण पन्नास ठोके. ठोका दीड मिलिसेकंद टिकला, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दीडपट, तर दांडा मध्यावर. एक मिलिसेकंदाचा असला तर एका टोकाला, दोनचा असला तर दुसऱ्या टोकाला. दोन टोकांमध्ये अंतर सुमारे ९० अंश, म्हणजे काटकोन. हुकूम आणि जागा जुळेपर्यंत मोटार फिरते, जुळली की थांबते. हुकमाप्रमाणे वागणारे आणि स्वतःला तपासत राहणारे यंत्र म्हणून फ्रान्सच्या फार्कोने एकोणिसाव्या शतकात जहाजांचे सुकाणू वळवण्यासाठी अशी रचना केली आणि १८७३ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. ‘सर्वो’ हा शब्द चाकर या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. आपल्या ओझरच्या कारखान्यात बनलेल्या मिग-२१ विमानांतही वैमानिकाच्या हाताला तेलाच्या दाबावर चालणाऱ्या अशाच साहाय्यकांची जोड होती.

आता त्या मुलांचा प्रश्न घ्या. दोन सेंटिमीटर त्रिज्येची कप्पी पाव फेरा फिरली की दोरी ३.१४ सेंटिमीटर गुंडाळली जाते. दार तीनच सेंटिमीटर का उचलले, ते यातच आले. यावर तीन उपाय आहेत, आणि तिन्हींची किंमत निरनिराळी आहे.

पहिला उपाय, कप्पी मोठी करणे. त्रिज्या चार केली की तोच पाव फेरा ६.२८ सेंटिमीटर दोरी ओढतो. चाळीस दात्यांच्या चाकाने वीस दात्यांचे चाक फिरवले तरी हाच गुण. पण किंमत द्यावी लागते ती बळाची. या लहान मोटारीचे जास्तीत जास्त पीळबळ १.८ किलोग्रॅम-सेंटिमीटर सांगतात. म्हणजे दोन सेंटिमीटरच्या कप्पीवर ती ९०० ग्रॅमला अडून बसेल, चारच्या कप्पीवर ४५० ग्रॅमलाच. कोणतीही मोटार अडेपर्यंत ओढायला लावू नये. तिच्या बळाचा तिसरा हिस्साच वापरावा. तो पहिल्या कप्पीवर ३०० ग्रॅम येतो, दुसरीवर १५० ग्रॅम. आपले दार दोनशे ग्रॅमचे. तेव्हा हा उपाय इथे कामाचा नाही. दार हलके असते तर चालला असता.

दुसरा उपाय, हुकूम लांबवणे. पुष्कळशा सर्वो मोटारी एक ते दोन मिलिसेकंदांच्या पलीकडचे ठोकेही ओळखतात. आर्डुइनो नावाच्या फळीवरचा तयार कार्यक्रम ०.५४४ पासून २.४ मिलिसेकंदांपर्यंत ठोके देतो, आणि लहान सर्वो त्यावर जवळजवळ अर्धा फेरा फिरतात. बिनतारी मॉडेलच्या प्रक्षेपकातही प्रवासाची टक्केवारी शंभराच्या पुढे नेण्याची सोय बहुधा असते. डबी उघडावी लागत नाही, दांड्याचे बळ कमी होत नाही, आणि दोन सेंटिमीटरच्या कप्पीवर दार सहा सेंटिमीटर उचलते. किंमत फक्त वेळेची: दुप्पट अंतराला दुप्पट वेळ. मात्र ठोका थोडाथोडा वाढवावा. टोकाला मोटार घुरघुरू लागली किंवा डबी गरम झाली, तर ती अडणीवर धडका देत आहे असे समजून लगेच मागे यावे. नाही तर नायलॉनचे दाते झिजतील, नाही तर मोटार जळेल.

तिसरा उपाय, डोळ्याला फसवणे. हुकूम लांबवता येत नसेल, तर रोधाच्या दोन्ही टोकांच्या तारांत सारखे रोध जोडतात. आतला रोध पाच हजार ओहमचा असेल आणि दोन्हीकडे बावीसशे घातले, तर एकूण ९,४०० होतात, मूळच्या १.८८ पट. आता विजेच्या मापात पूर्वीइतकाच फरक पडायला दांड्याला १.८८ पट फिरावे लागते; ९० चे सुमारे १७० अंश होतात. दोन्हीकडचे रोध सारखे, म्हणून मध्य हलत नाही. इथली किंमत नेमकेपणाची. ठोक्यातला सेकंदाच्या एक लाखांश भागाइतका फरक लहान सर्वोला कळत नाही. आधी तेवढ्यात ०.९ अंशाची चूक होई, आता १.७ अंशांची होते. शिवाय चाकावरची अडण आड येत असेल तर ती घासावी लागते, आणि घासलेली अडण परत येत नाही.

मग पूर्ण फेरे हवे असतील तर? त्या मुलाने केले तेच: डोळा काढणे. अशी मोटार चालत्या गाडीच्या चाकाला उत्तम, पण दाराला नाही, कारण कुठे थांबायचे हे तिला कळत नाही. शिडाच्या मॉडेल नावेत दोरी अनेक फेरे गुंडाळायची असते. तिथे अनेक फेरे मोजणारा रोध घातलेली निराळी सर्वो मिळते. ती हात लांब करते आणि डोळाही ठेवते.

मॉडेल विमान उडवणाऱ्यांना एक इशारा. सर्वो जास्त फिरते म्हणून सुकाणूची पट्टी जास्त वळवू नका. बहुधा वीस-तीस अंश पुरतात. त्यापुढे वळण वाढत नाही, हवेचा अडथळा वाढतो आणि विमान कोसळू शकते.

शिक्षक मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी पोर म्हणाले की मोटार पुरेशी फिरत नाही, तर ब्लेड हाती देण्याआधी त्याला वहीत तीन शब्द लिहायला सांगा: बळ, वेळ, नेमकेपणा. यांतले आपल्या कामाला काय सोडता येईल ते त्यानेच ठरवावे. दाराला बळ आणि नेमकेपणा हवा, वेळ भरपूर आहे. म्हणून त्याला दुसरा उपाय. झेंडा फडकवायचा असेल तर बळ फारसे नको, त्याला पहिला. त्या प्रदर्शनानंतर मी त्या मुलांबरोबर बसलो, नवी सर्वो लावली आणि ठोका वाढवत नेला. दार सावकाश सहा सेंटिमीटर वर आले आणि तिथेच थांबले. ज्याने अडण कापली होती, तोच पोरगा पट्टी लावून मोजत होता. यंत्राचा हात लांब करण्याआधी त्याचा डोळा शाबूत आहे ना, हे पाहण्याची सवय त्याला त्या दिवशी लागली असेल, तर बक्षीस हुकल्याचे मला फारसे दुःख नाही.