बावीस अंशांची खोली धुळ्यात कुठून आणायची?

नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचा बेत अनेकांनी गुंडाळून ठेवलाय. मेमरीच्या चिपा एआयच्या डेटा सेंटरांनी पळवल्या, भाव भडकले. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशियल' हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँडच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे आहे तेच कार्ड जगवायचं. आणि धुळ्यात जगवायचं म्हणजे आधी थंड ठेवायचं.

यूट्यूबवरच्या चाचण्या पाहून कूलर मागवणाऱ्यांनी एक आकडा जरूर बघावा : चाचणीच्या खोलीचं तापमान. बहुधा २० ते २२ अंश. हवेवर चालणारा कूलर कितीही महाग असो, कार्डाला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. हवेच्या किती वर जाऊ द्यायचं, एवढंच त्याच्या हातात. २२ अंशांच्या खोलीत ७० वर थांबणारं कार्ड हवेच्या ४८ अंश वर असतं. तेच कार्ड आखाजीनंतर, पत्र्याच्या छताखाली ४० अंशांच्या खोलीत, ८८ कडे निघतं. तिथवर पोचण्याआधीच पंखे बोंबलू लागतात आणि बरीच कार्डं ८३ च्या आसपास स्वतःच वेग आवरतात. कार्ड जळत नाही, मंदावतं. तेही ऐन लग्नसराईत, जेव्हा व्हिडिओवाल्याकडे तीन लग्नं रेंडरला लागलेली असतात आणि चौथ्या लग्नातले मुलीचे मामा दारात उभे असतात.

एके काळी यावर तयार इलाज मिळायचा. मूळ कूलर उतरवून आर्क्टिक कंपनीचा तीन पंख्यांचा 'अ‍ॅक्सेलेरो एक्स्ट्रीम' चढवायचा. नाहीतर २०१३ च्या एनझेडएक्सटीच्या 'क्रॅकन जी१०' पट्टीनं प्रोसेसरचा पाण्याचा कूलर कार्डावर बांधायचा. आता कंपन्याच धिप्पाड कूलरांची कार्डं विकतात, त्यामुळे हा धंदा आटला. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. पाण्याच्या कूलरचं तर मुळीच नाही. त्याचा रेडिएटरही शेवटी त्याच ४० अंशांच्या हवेत उभा असतो.

माझा जीव जडलाय तो केबल टायवर. कार्डाचे छोटे पंखे आणि त्यांचं प्लास्टिकचं आवरण काढायचं, अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचा मूळ गठ्ठा तसाच ठेवायचा आणि त्यावर कॅबिनेटचे १२० मिलिमीटरचे दोन पंखे टायनं आवळायचे. मोठा पंखा सावकाश फिरूनही भरपूर हवा लोटतो, म्हणून आवाज पडतो. दिसतं मात्र शेतातल्या मोटारीला तारेनं बांधल्यासारखं. पंख्यांची वायर कॅबिनेटच्या जोडणीला द्या किंवा कार्डाच्या बारक्या चार पिनांसाठीचा अडॅप्टर घ्या. जागाही मोजा : हे पंखे २५ मिलिमीटर जाड असतात.

कूलर पूर्ण उतरवायचा असेल, तर चिपेभोवतीचे चार स्क्रू हेच खरं काम. कार्ड आधी पाच मिनिटं चालवून कोमट करा, म्हणजे वाळलेली पेस्ट सैल होते. मग वीज बंद करून कार्ड काढा. कूलर सरळ ओढू नका. जरासा डावीकडे-उजवीकडे फिरवून सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, नवी लावा आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. लोक चुकतात ते थर्मल पॅडमध्ये. मीही चुकलो. मेमरीवर एक मिलिमीटरचे पॅड हवे होते, मी दीडचे लावले. कूलर पॅडवरच टेकला, मुख्य चिपेवर नीट बसलाच नाही आणि साधा गेम सुरू करताच आकडा नव्वदीपार. आजी नुसतं बघून म्हणाली, "भलतं तपस रे!" पुन्हा सगळं खोललं. वॉरंटीचं स्टिकर तर पहिल्याच वेळी गेलं होतं.

खरं तर यातलं काहीही करण्याआधी कार्ड झाडायला हवं होतं. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ, जिनिंगच्या आसपास कापसाचे तंतू. पात्यांमध्ये त्यांची अक्षरशः गोधडी बसते. ती निघाली की निम्मी तक्रार मिटते. हवा मारताना पंखा बोटानं धरा, नाहीतर तो भलत्या वेगानं गरगरतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरकडे नेऊ नका, त्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं.

मग उरतो घरातला पत्र्याचा कूलर. त्याच्या ओलसर हवेनं कार्डावर पाणी साचतं, ही भीती सगळीकडे ऐकू येते. पाणी साचतं ते हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड वस्तूवर. चालू कार्ड तर हवेपेक्षा तापलेलं असतं. गवताच्या जाळीतून उडणारे थेंब कॅबिनेटवर येणार नाहीत, इतकं अंतर मात्र ठेवा. कोरड्या मे महिन्यात हा कूलर खोली सहज काही अंश उतरवतो, आणि खोली जेवढी उतरते, जवळपास तेवढंच कार्डही. आमच्याकडे आता भांडण एवढंच उरलंय, की दुपारी त्याचं तोंड कॅबिनेटकडे असावं की आजीच्या खाटेकडे.