खाणपरवान्यातील भूजल-निरीक्षण आणि विहिरीची मालकी : गोव्यातील लोहखनिज क्षेत्राच्या संदर्भात

प्रस्तावना

उघड्या खाणीचा खड्डा भूजल पातळीच्या खाली गेला की खाण कोरडी ठेवण्यासाठी पाण्याचा अखंड उपसा करावा लागतो. या उपशामुळे खड्ड्याभोवतीची भूजल पातळी शंकूच्या आकारात खाली जाते आणि त्या शंकूच्या कक्षेत येणाऱ्या विहिरींचे पाणी आटू लागते. हा परिणाम झाला किंवा नाही, हे ठरविण्याचे प्रमुख साधन म्हणजे निरीक्षण विहीर होय. तथापि, ही विहीर कोणाच्या मालकीची, तिची मोजणी कोण करतो आणि नोंदी कोणाच्या ताब्यात राहतात, हे प्रश्न परवाना प्रक्रियेत सहसा दुय्यम मानले जातात. प्रस्तुत लेखात गोव्यातील लोहखनिज क्षेत्राच्या आधारे या प्रश्नांचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

भूस्तरीय पार्श्वभूमी

गोव्यातील लोहखनिजाचा पट्टा मुख्यतः डिचोली, सत्तरी, सांगे व केपे या तालुक्यांतून जातो. येथे वरचा थर जांभ्याचा असून गावातील बहुतेक उथळ विहिरी याच थरातील पाण्यावर अवलंबून असतात. त्याखालील भुसभुशीत लोहखनिज सच्छिद्र असल्याने तेही पाणी धरून ठेवते, तर लगतचे चिकणमातीयुक्त थर पाण्याला अडवितात. म्हणजेच जे खनिज काढावयाचे, तेच पाण्याचा साठाही असते. त्यामुळे एका विहिरीत परिणाम दिसतो, तर शेजारच्या विहिरीत तो दिसत नाही. निरीक्षण विहीर कोणत्या थरात व किती खोल घेतली आहे, यावर निष्कर्ष अवलंबून असतो तो याच कारणाने. उथळ जांभ्यातील विहिरीची मोजणी खोल खनिज थरातील घट दाखवील, असे गृहीत धरता येत नाही.

मालकीचे तीन प्रकार

कायद्याच्या दृष्टीने येथे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र येतात. पहिली, खनिजाचा हक्क. खाणपट्टा मिळाल्याने खनिज काढण्याचा अधिकार मिळतो. शेजारच्या जमिनीतील पाण्यावर मालकी मिळत नाही. दुसरी, भूजलाचा हक्क. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 मध्ये आपल्या जमिनीखालील, निश्चित प्रवाहात नसलेले पाणी घेण्याचा जमीनमालकाचा हक्क मान्य केला आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयाने कमल नाथ प्रकरणात नैसर्गिक संसाधनांबाबत सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व स्वीकारले. गोवा भूजल नियमन अधिनियम, 2002 नेही विहिरींना शासकीय नियमनाखाली आणले. तिसरी गोष्ट म्हणजे माहितीचा हक्क, अर्थात नोंदींची मालकी. यापैकी पहिल्या दोहोंची चर्चा पुष्कळ झाली आहे. तिसरी मात्र उपेक्षित राहिली आहे.

परवाना प्रक्रियेतील निरीक्षण

14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यमापन अधिसूचनेनुसार खाण प्रकल्पाला पूर्वपरवानगी घ्यावी लागते. अभ्यास प्रकल्पधारकाने नेमलेले सल्लागार करतात आणि आधारभूत माहिती सामान्यतः पावसाळा वगळून एका हंगामाची घेतली जाते. गोव्यासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात विहिरीची पातळी पावसाळ्यानंतर व मे महिन्यात फार वेगळी असते. एका हंगामाच्या मोजणीतून वर्षभरातील चढउतार कळू शकत नाही. परवानगी मिळाल्यानंतर अटींच्या पालनाचा सहामाही अहवालही प्रकल्पधारकच सादर करतो. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या 24 सप्टेंबर 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांत खाणींसाठी गाभा व बफर क्षेत्रातील पातळी मोजण्याकरिता निरीक्षण विहिरी अनिवार्य केल्या आहेत. परंतु विहीर बांधणारा आणि ज्याच्या कृतीचे मोजमाप व्हावयाचे तो एकच असला, तर त्या मोजणीच्या विश्वसनीयतेविषयी शंका उरते.

गावकऱ्यांच्या विहिरींची स्थिती याहून वेगळी आहे. त्या खासगी किंवा सामाईक मालकीच्या असून त्यांच्या जुन्या नोंदी क्वचितच लिहून ठेवलेल्या असतात. पाणी आटल्यावर पूर्वीची पातळी सिद्ध करण्याचा भार मात्र विहीरमालकावर येतो. खाण व खनिज (विकास व नियमन) अधिनियम, 1957 च्या कलम 24अ मध्ये नुकसानभरपाईची तरतूद आहे. पण ती पट्ट्यात समाविष्ट जमिनीच्या पृष्ठभागाचा वापर करणाऱ्यास लागू होते. पट्ट्याबाहेरील विहिरीच्या मालकास तिचा थेट आधार मिळत नाही.

पट्टेधारक बदलला तर

गोव्याच्या इतिहासामुळे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. पोर्तुगीज काळातील सवलती 1987 च्या कायद्याने खाणपट्ट्यांत रूपांतरित झाल्या. 2012 मध्ये खाणकाम थांबले. 2014 च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने पट्ट्यांची मुदत 2007 मध्येच संपल्याचे स्पष्ट केले, तर 7 फेब्रुवारी 2018 च्या निर्णयाने 88 पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. डिसेंबर 2022 पासून लिलावाद्वारे नव्याने पट्टे देण्यास प्रारंभ झाला. पट्टेधारक बदलला की खासगी ताब्यातील निरीक्षण विहिरी व त्यांच्या नोंदी यांचे सातत्य टिकेलच, याची हमी नसते.

याच काळात बंद खड्ड्यांत पाणी साचले. असे साचलेले पाणी भोवतालच्या भूजलास आधार देऊ शकते. आता पुन्हा खाणकाम सुरू करताना ‘मूळ’ पातळी कोणती मानावी? खाणपूर्व, खाणकाळातील की पाणी भरून आल्यानंतरची? खाणकाळातील खालावलेली पातळी आधारभूत मानल्यास नवा उपसा निरुपद्रवी ठरेल. भरून आलेली पातळी मानल्यास तोच उपसा हानिकारक दिसेल. उत्तर जुन्या नोंदींत आहे आणि म्हणूनच त्या नोंदी कोणाकडे आहेत, हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी सूचित होतात. निरीक्षण विहिरीचा खर्च प्रकल्पधारकाने सोसावा, मात्र तिची मालकी व मोजणी शासकीय भूजल यंत्रणेकडे असावी. पट्टा संपला तरी विहीर व नोंदी सार्वजनिक राहाव्यात. किमान एक पूर्ण जलवर्षाची आधारभूत मोजणी व्हावी आणि तीत गावातील वापराच्या विहिरी मालकांच्या संमतीने समाविष्ट कराव्यात. नोंदींची प्रत ग्रामपंचायतीत मराठी व कोकणीतून उपलब्ध असावी. महाविद्यालयांच्या भूगोल व भूशास्त्र विभागांनाही स्थानिक विहिरींच्या नियमित मोजणीत भाग घेता येईल. विहीर आटल्यावर सुरू होणारा वाद बहुधा पुराव्याअभावी अनिर्णित राहतो. तो पुरावा पहिल्या फावड्याच्या आधीच गोळा व्हावा लागतो.